थांब्यांचा हिशेब

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाच्या आरंभी पाहुण्याने आयोजकांचे आभार मानावेत, असा संकेत आहे. मी मात्र आरंभी क्षमा मागणार आहे. ती मागायला मला दहा वर्षे उशीर झाला आहे.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, की दहा वर्षांपूर्वी शाळेचा सुवर्ण महोत्सव झाला, तेव्हाही प्रमुख पाहुणा म्हणून माझेच नाव निमंत्रणपत्रिकेत छापले होते. कार्यक्रम दुपारी चारचा होता. त्या दिवशी या व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी राहिली, ती माझी. मी शाळेच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. मंडपवाले खांब सोडवीत होते. आपल्याकडे ‘वरातीमागून घोडे’ म्हणतात, ते घोडे मी होतो.

आज मला ‘परदेशातील जीवन आणि आपले संस्कार’ असा विषय सुचवण्यात आला होता. मी अध्यक्षांची परवानगी घेऊन विषय बदलला. परदेशातून निघालेला माणूस ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी कसा पोहोचतो आणि का पोहोचत नाही, एवढ्याच साध्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे. आपल्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले आज परदेशी आहेत. त्यांचे आईवडील येथेच, राइट टाउन, नेपियर टाउन, मदन महल या वस्त्यांतून राहतात. लग्न, मुंज, शस्त्रक्रिया, अंत्यविधी, यांपैकी कशासाठी तरी आज ना उद्या प्रत्येकाला धावत यावे लागणारच आहे. म्हणून हा विषय मला संस्कारांहून फार दूरचा वाटत नाही.

प्रथम त्या दिवसाची हकीकत सांगतो.

मी तेव्हा जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे राहत होतो. डिसेंबरचा महिना होता. फ्रँकफुर्टहून दिल्लीला मध्यरात्री एकच्या सुमारास पोहोचायचे, सकाळी साडेआठच्या विमानाने जबलपूर, दहा वाजता डुमना विमानतळ, घरी स्नान, जेवण, थोडी झोप आणि चारला शाळा, असा माझा बेत होता. मी तो कागदावर लिहून काढला आणि मला तो फार सुबक वाटला. दिल्लीत सात-साडेसात तास हाताशी आहेत, शिवाय शाळेआधी सहा तास आहेत. याहून अधिक सावधगिरी ती कोणती?

दिल्लीवर धुके होते. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत ते असतेच, हे माझ्यासारख्या जबलपूरकराला कोणी सांगायला नको होते. आमचे विमान फ्रँकफुर्टहूनच दीड तास उशिरा निघालेले. दिल्लीवर घिरट्या घालून ते शेवटी जयपूरला उतरवण्यात आले. धुके निवळेपर्यंत आम्ही विमानातच बसून होतो. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही दिल्लीच्या भूमीला लागलो. जबलपूरचे विमानही धुक्यामुळे थांबले होते. म्हणजे आशा होती! परंतु पारपत्र तपासणीच्या रांगेत पाऊण तास गेला. परदेशातून आलेल्या प्रवाशाला पहिल्या भारतीय विमानतळावरच आपले सामान सहसा स्वतः उचलावे लागते, सीमाशुल्क ओलांडावे लागते आणि ते सामान पुन्हा देशांतर्गत विमानासाठी द्यावे लागते. मी सामानाच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभा असताना, दहा वाजून पाच मिनिटांनी, जबलपूरचे विमान उडाले. त्या दिवशी माझ्या कामाचे दुसरे विमान नव्हते. दोन्ही तिकिटे मी वेगवेगळी काढली होती, कारण तशी ती स्वस्त पडत होती. त्यामुळे दुसऱ्या विमानाच्या दृष्टीने मी केवळ न आलेला प्रवासी होतो. का आलो नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

मी नागपूरचे विमान धरले. दोन वाजता नागपूर. तेथून मोटार केली. नागपूर ते जबलपूर हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. आज तो रस्ता उत्तम झाला आहे. पेंचच्या जंगलात तर वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून तो उंच पुलांवरून नेला आहे. परंतु तेव्हा सिवनीच्या अलीकडचा पट्टा खड्ड्यांनी भरलेला होता. चालक भला माणूस होता. “टेन्शन मत लो साहब, छह बजे तक पहुँचा देंगे,” असे तो म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता.

आणि येथे माझी खरी चूक घडली. धुके ही काही माझी चूक नव्हती. माझी चूक दूरध्वनीवर घडली. दिल्लीहून मी शाळेत कळवले, “चारऐवजी सहा वाजतील, पण येतो.” सिवनीहून कळवले, “आणखी दोन तास.” लखनादौनहून कळवले, “आता आलोच.” प्रत्येक वेळी मी जे सांगितले ते मला मनापासून हवे होते, पण ते खरे नव्हते. माझ्या शब्दावर येथे कार्यक्रम दीड तास खोळंबला. थंडी पडू लागली. लहान मुले नटूनथटून पडद्यामागे कुडकुडत बसली. शेवटी वेळ पुरेना, म्हणून पाचवीच्या मुलींचे लेझीम गाळण्यात आले. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. माझ्या उशिराची किंमत माझ्याऐवजी दहा वर्षांच्या मुलींनी मोजली होती.

रात्री सव्वानऊला मी फाटकातून आत आलो, तर व्हरांड्यात लाकडी बाकावर, कानाला मफलर गुंडाळून, आमचे गणिताचे गुरुजी बसलेले होते. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. माझा परिचय त्यांनी करून द्यायचा होता. मुलगा दोनदा न्यायला आला, पण ते उठले नाहीत. “तो येतो म्हणालाय ना, मग येईल,” एवढेच म्हणाले.

मी वाकून नमस्कार केला. काय बोलावे सुचेना. गुरुजी म्हणाले, “जेवलास का?” मी नाही म्हटले. मग मी धुक्याची, रांगेची, रस्त्याची सगळी कहाणी सांगू लागलो. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “अरे, तुझी गाड्यांची गणितं तेव्हाही इथेच चुकायची. तू वेग बरोबर धरतोस, अंतर बरोबर धरतोस आणि थांबे विसरतोस.”

मित्रहो, ज्यांना गुरुजींनी शिकवले आहे, त्यांना ती गणिते आठवत असतील. ‘एक गाडी जबलपूरहून ताशी साठ किलोमीटर वेगाने निघते, वाटेत सहा ठिकाणी प्रत्येकी पाच मिनिटे थांबते...’ आम्ही अंतराला वेगाने भागून मोकळे व्हायचो आणि गुरुजी तांबड्या पेन्सिलीने समासात एकच शब्द लिहायचे: ‘थांबे?’

त्या रात्री मी माझ्या बेताकडे पुन्हा पाहिले. फ्रँकफुर्ट ते दिल्ली साडेसात तास, दिल्ली ते जबलपूर दीड तास. म्हणजे हवेत केवळ नऊ तास. उरलेला सगळा प्रवास थांब्यांचा होता. विमान सुटण्याची वाट, उतरण्याची वाट, पारपत्राची रांग, सामानाचा पट्टा, सीमाशुल्क, पुन्हा सामान देण्याची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत विमानाचा सामान घेणारा काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे साडेआठचे विमान माझ्यासाठी साडेसातचेच होते. या थांब्यांपैकी एकही माझ्या हाती नव्हता. जे माझ्या हाती नाही त्यावर मी शंभर-दीडशे मुलांची संध्याकाळ टांगून ठेवली होती.

हा थांब्यांचा प्रश्न आपल्या जबलपूरला नवा नाही. १८६७ साली मुंबईकडची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कलकत्त्याकडची, अलाहाबादवरून, जबलपूरला. दोन्ही टोके तयार झाली, पण मध्ये पावणेतीनशे किलोमीटरचा डाकगाडीचा रस्ता उरला. विलायतेहून बोटीने मुंबईला उतरून कलकत्त्याला निघालेल्या माणसाची सारी घाई त्या रस्त्यावर येऊन थांबायची. मार्च १८७० मध्ये इटारसीकडून येणारा फाटा जबलपूरला येऊन मिळाला, तेव्हा मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग प्रथमच अखंड झाला. आपल्या मदन महल स्थानकावरून आज धडधडत जाणारी गाडी त्याच मार्गाने जाते. माझ्या मनात नंतर आले, की त्या दिवशी मी दीडशे वर्षांपूर्वीच्या डाकगाडीच्याच वाटेने आलो होतो आणि माझी घाईसुद्धा तेथेच अडकली होती.

हा मार्ग पूर्ण झाल्यावर दोन-तीन वर्षांतच फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी प्रसिद्ध झाली. तुमच्यापैकी कित्येकांनी ती वाचली असेल. तिचा नायक फिलिअस फॉग २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडनहून निघतो आणि २१ डिसेंबरला रात्री पावणेनऊ वाजता आपल्या क्लबात परतण्याची पैज घेतो. भारतात मुंबईहून कलकत्त्याकडे जाताना त्याला कळते, की वर्तमानपत्राने पूर्ण झाला म्हणून छापलेला लोहमार्ग मध्येच तुटलेला आहे! तो हत्ती विकत घेतो आणि अलाहाबाद गाठतो. प्रत्यक्षात तो मार्ग तेव्हा पूर्ण झालेला होता. कादंबरीकाराने आपल्या सोयीसाठी तो तोडला. पण त्याने फॉगच्या खिशात एक टिपणवही ठेवली, ती मला महत्त्वाची वाटते. तीत फॉग प्रत्येक मुक्कामाला किती तास मिळवले आणि किती गमावले, हे लिहून ठेवतो. तो थांबे धरतो. आणि तरीही शेवटी चुकतो. लंडनला पाच मिनिटे उशिरा पोहोचलो, असे समजून तो घरी जाऊन बसतो. पूर्वेकडे प्रवास करीत राहिल्याने त्याला एक दिवस अधिकचा मिळाला आहे, हे त्याच्या ध्यानातच नसते. ते कळते तेव्हा तो धावत सुटतो आणि अगदी ऐन क्षणी क्लबाच्या दारात उभा राहतो.

आपल्याला असा फुकटचा दिवस मिळत नाही. युरोपातून भारतात येताना हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास पुढे सरकते. अमेरिकेतून येणाऱ्याचा तर जवळजवळ अख्खा दिवस हरवतो. हातातील घड्याळ आपण क्षणात फिरवतो, शरीरातील घड्याळ फिरत नाही. या शरीरातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते घड्याळ सूर्यप्रकाशाने लावले जाते आणि सर्वसाधारणपणे दिवसाला एखाद्या तासाच्या गतीने नव्या गावाशी जुळते. पूर्वेकडे येताना तर अधिकच कष्टाने. म्हणून त्या दिवशी मी समजा चार वाजता पोहोचलो असतो, तरी तुमच्यासमोर माझे शरीरच उभे राहिले असते. मन दिल्लीच्या रांगेत आणि झोप फ्रँकफुर्टमध्ये राहिली असती.

आता माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांसाठी, आणि उद्या बाहेर जाणाऱ्या मुलांसाठी, त्या एका दिवसाने शिकवलेले चार धडे सांगतो.

पहिला धडा: बेत शेवटाकडून आखावा. आपण विचारतो, ‘मी केव्हा निघू?’ विचारायला हवे, ‘मला चारला बसायचे आहे, तर या शहरात येणारे शेवटचे कोणते वाहन चुकले तरी मी पोहोचेन?’ ज्या गावाला दिवसातून मोजकीच विमाने येतात, तेथे एक विमान चुकणे म्हणजे एक दिवस चुकणे होय. मुंबई-दिल्लीचा हिशेब जबलपूरला लागू पडत नाही.

दुसरा धडा: तिकीट एकच असावे. एका तिकिटावर दोन्ही विमाने असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते. तिकिटे वेगळी असली, की ती जबाबदारी आपली. जे चार पैसे वाचतात, ते आपण धोका विकत घेऊन वाचवलेले असतात. आणि ज्या कामासाठी आलो त्याची वस्तू, मग ती औषधे असोत, कागदपत्रे असोत वा लग्नाचा शालू, हातातल्या पिशवीत असावी.

तिसरा धडा: आपल्यावाचून काम अडू देऊ नये. येथून जवळच, त्रिपुरीला, मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले होते. मिरवणुकीत बावन्न हत्तींच्या रथावर त्यांच्याऐवजी त्यांचे छायाचित्र ठेवले गेले आणि त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखवले. एवढ्या मोठ्या माणसाचेही अधिवेशन अडले नाही. कारण भाषण लिहिलेले होते आणि ते वाचणारा माणूस ठरलेला होता. माझे भाषण माझ्या डोक्यात होते आणि डोके सिवनीच्या खड्ड्यात होते.

चौथा धडा सर्वांत कठीण: खरी वेळ सांगावी. वाट पाहणाऱ्याला गोड वाटेल ती वेळ सांगू नये. “मी आज कार्यक्रमाला पोहोचत नाही, तुम्ही सुरू करा,” हे वाक्य मला दिल्लीहून सकाळी साडेदहाला म्हणता आले असते. लेझीम झाले असते, गुरुजी सातला घरी जाऊन जेवले असते. पण ते म्हणण्यात मला कमीपणा वाटला. आपण उशिराला घाबरत नाही, उशीर कबूल करण्याला घाबरतो.

काही प्रसंग असे असतात, की तेथे यांतले काहीच चालत नाही. वडील गेल्याची वार्ता रात्री येते आणि मिळेल त्या विमानाने निघावे लागते. अशा वेळी घरच्यांना माझे सांगणे आहे, की दूरच्या लेकराची वाट जरूर पाहा, पण मर्यादा आधी ठरवा आणि ती त्याला स्पष्ट सांगा. आणि लेकरांना सांगणे आहे, की ग्वारीघाटावर आपल्याशिवाय अग्नी दिला गेला, तर मनात आयुष्यभराचा सल ठेवू नका. नर्मदा कोणासाठी थांबत नाही, पण दहाव्याला आलेल्यालाही ती परतवत नाही.

गुरुजी त्या रात्रीनंतर चार महिन्यांनी गेले. त्या वेळी मी येऊ शकलो नाही, आणि ‘येतो’ असे खोटे कळवलेही नाही. माझा परिचय म्हणून त्यांनी लिहून ठेवलेला कागद त्यांच्या मुलाने मला नंतर दिला. त्यात माझ्या पदव्या नाहीत. ‘हा मुलगा वर्गात उशिरा यायचा, पण यायचा,’ असे पहिलेच वाक्य आहे. इतका उदार परिचय मला पुन्हा कोणी करून दिलेला नाही.

यंदा निमंत्रण आले, तेव्हा मी संस्थेला दोन अटी घातल्या. पहिली, भाषणाचा मजकूर मी पंधरा दिवस आधी पाठवीन आणि मी न आल्यास तो मुख्याध्यापकांनी वाचावा. त्या मजकुरात मी एकच जागा कोरी ठेवली होती, मी केव्हा पोहोचलो ती. ती आता भरतो. मुंबईला उतरलो, दोन रात्री ठाण्याला बहिणीकडे झोपून काढल्या आणि मग इटारसीवरून येणाऱ्या गाडीने परवा पहाटे, जबलपूरच्या एक स्थानक आधी, मदन महलला उतरलो. स्थानकाबाहेर चहा घेतला. टेकडीवर मदन महालाची गढी उजळत होती. तिच्या वाटेवरची ती तोललेली शिळा १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही. ती कोठेही जाण्याच्या घाईत नाही, हे कदाचित तिच्या स्थैर्याचे कारण असावे! काल सकाळी खोव्याची जिलेबी खाल्ली, दुपारी झोपलो, सायंकाळी शाळेत येऊन त्या बाकावर बसलो.

दुसरी अट आपण सर्वांनी आत्ताच पाहिली. माझ्या भाषणाच्या आधी लेझीम झाले. दहा वर्षांपूर्वी पाचवीत असलेल्या, आज महाविद्यालयात शिकणाऱ्या अकरा मुलींनी ते केले. त्यांच्यातली एक काल मला म्हणाली, “काका, तेव्हा आमचं राहिलं होतं हो.” मी तिला म्हटले, “बाळा, ते माझ्यामुळे राहिलं होतं.” तिला ते ठाऊक नव्हते. तिला वाटत होते, आपले लेझीम चांगले बसले नव्हते म्हणून गाळले.

माझी क्षमायाचना म्हणून त्या अकरा जणींसाठी आहे. आणि गुरुजींसाठी सांगतो: गुरुजी, या वेळी थांबे धरले होते. उत्तर बरोबर आले.